‘केस केली’ म्हणजे नेमकी कोणती? घरातल्या हिंसाचाराच्या कागदांवरचे शब्द

‘पोरीनं नवऱ्यावर केस केली’ हे वाक्य बीडपासून हिंगोलीपर्यंत एकाच अर्थानं बोललं जातं. कोर्टात मात्र त्याचे किमान चार अर्थ होतात: पोलीस ठाण्यात नोंदवलेला गुन्हा, संरक्षणासाठी मॅजिस्ट्रेटपुढे दिलेला अर्ज, खावटीचा अर्ज आणि घटस्फोटाचा दावा. चारही एकाच बाईचे, एकाच नवऱ्याविरुद्ध, कधी एकाच इमारतीत चालतात. गुन्ह्यातून शिक्षा होऊ शकते, पण राहायला जागा किंवा महिन्याचा खर्च मिळत नाही. संरक्षणाच्या अर्जातून जागा, खर्च आणि मारहाणीला मनाई मिळते, पण तेवढ्यानं कोणी तुरुंगात जात नाही. जिला लेकरांच्या दुधाचे पैसे हवे होते तिनं फक्त गुन्हा नोंदवला आणि दोन वर्षं तारखा बघत बसली, असं होतं ते या शब्दांच्या गोंधळामुळे.

आत्ता, या घडीला जिवाला धोका असेल तर शब्द नंतर समजून घ्या. ११२ वर पोलीस येतात, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत आणि कायद्याचा सल्ला एका जागी मिळतो. मोफत वकिलासाठी १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, म्हणून तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणायला कोणी पाठवलं तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ दाखवा.

आधी हातातला कागद ओळखा

कागदाच्या वरच्या भागात नंबर असतो. ‘गु.र.नं.’ म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. हा पोलीस ठाण्याचा आणि फौजदारी. ‘आर.सी.सी.’ म्हणजे पोलिसांनी तपास करून दोषारोपपत्र दाखल केल्यावर कोर्टानं दिलेला खटल्याचा नंबर. ‘पीडब्ल्यूडीव्हीए’ म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचा संरक्षणाचा अर्ज. जुन्या प्रकरणांत हेच ‘क्रि.एम.ए.’ (किरकोळ फौजदारी अर्ज) म्हणूनही लिहिलेलं सापडतं.

नंबर पुसट असेल तर नावांपुढचे शब्द बघा. ‘फिर्यादी’ आणि ‘आरोपी’ असतील तर तो गुन्हा. ‘अर्जदार’ आणि ‘गैरअर्जदार’ असतील तर तो अर्ज. संरक्षणाच्या अर्जात नवरा किंवा सासू ‘आरोपी’ नसतात. बऱ्याच घरांत समन्स आलं की ‘आता अटक होणार’ म्हणून माणसं गाव सोडतात आणि कोर्टात कोणीच उभं राहत नाही. मग एकतर्फी आदेश होतो आणि खरी अडचण तिथून सुरू होते. समन्स म्हणजे ‘या तारखेला येऊन तुमचं म्हणणं द्या’ एवढाच निरोप. वॉरंट वेगळं, ते हजर न राहिल्यावर निघतं.

कोर्टाच्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. तो मोबाइलमध्ये ठेवा. ई-कोर्ट्स सेवेवर त्यावरून पुढची तारीख घरबसल्या दिसते, तारीख विचारायला तालुक्याला खेप पडत नाही.

२००५ च्या कायद्यातले चार शब्द

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो सगळ्या धर्मांना लागू आहे. त्यातले चार शब्द कळले की अर्ध्याहून अधिक कायदा कळला.

‘पीडित व्यक्ती’ ही कायम स्त्री असते, पण ती बायकोच असावी असं नाही. विधवा सून, भावाच्या घरी राहणारी बहीण, मुलाकडून मार खाणारी आई, लग्नासारख्या नात्यात राहिलेली स्त्री, सगळ्या यात येतात. घटस्फोटानंतरही आधीच्या हिंसेबद्दल अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं आहे. पुरुषाला या कायद्याखाली अर्ज करता येत नाही.

‘गैरअर्जदार’ म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो. मूळ कायद्यात इथे ‘सज्ञान पुरुष’ असे शब्द होते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते काढून टाकले. त्यामुळे सासू आणि नणंद यांच्याविरुद्धही अर्ज चालतो.

‘कौटुंबिक नातं’ म्हणजे रक्ताचं, लग्नाचं, दत्तकाचं किंवा एकत्र कुटुंबाचं नातं आणि त्या नात्यानं एका घरात राहणं, आज किंवा पूर्वी कधीतरी.

‘सामायिक घर’ हा शब्द सगळ्यात जास्त चुकीचा समजला जातो. ‘घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय संबंध’ हे वाक्य मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक भांडणात येतं, कारण घर आणि सातबारा म्हाताऱ्याच्या नावावरच असतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सून जिथे संसार करत होती ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सामायिक घर ठरू शकतं. यानं तिला मालकी मिळत नाही, राहण्याचा हक्क मिळतो. कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही.

हिंसा म्हणजे फक्त मार नव्हे

कलम ३ मध्ये चार प्रकार आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. पहिल्या दोनांबद्दल फार सांगावं लागत नाही. मूल होत नाही किंवा मुलगाच होत नाही म्हणून घालूनपाडून बोलणं कायद्यानं शब्दांत लिहून हिंसेत धरलं आहे. ‘तुझ्या भावाला बघून घेतो’ अशी वारंवार धमकीही त्यात येते.

आर्थिक हिंसा लोक अर्जात लिहायचंच विसरतात. घरखर्च न देणं, दवाखान्याचे पैसे न देणं, स्त्रीधन विकणं किंवा गहाण टाकणं, तिची मजुरी काढून घेणं, एटीएम कार्ड आणि पासबुक स्वतःकडे ठेवणं, लाडकी बहीण योजनेचे तिच्या खात्यात आलेले पैसे जबरदस्तीनं काढणं, राहत्या घराच्या वापराला बंदी करणं. उसाच्या टोळीत उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, ‘कोयत्या’वर म्हणजे जोडप्यावर मिळते आणि ती मुकादमाकडून नवरा घेतो. बाई सहा महिने ऊस तोडते, मोळ्या बांधते, पण तिच्या हातात पैसा येत नाही. ही रक्कम, वर्ष आणि मुकादमाचं नाव अर्जात लिहिलं पाहिजे.

‘स्त्रीधन’ म्हणजे लग्नाआधी, लग्नात आणि नंतर तिला मिळालेलं दागिने-भांडी-कपडा-रोख, माहेरचं असो वा सासरचं. ते तिच्या एकटीच्या मालकीचं आहे. यादी करताना ‘सोनं दिलं’ असं मोघम लिहू नका. ‘मणी-मंगळसूत्र दीड तोळा, पाटल्या दोन, सोनाराची पावती जोडली’ असं लिहा. पावती नसेल तर लग्नातला दागिने अंगावर असलेला फोटो जोडा. ‘हुंडा’ म्हणजे लग्नाच्या संबंधात दिलेलं किंवा मागितलेलं. तो देणं, घेणं आणि मागणं तिन्ही हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ खाली गुन्हे आहेत.

पोलीस ठाण्यात: एनसी की एफआयआर

इथला एक शब्द पुढचं सगळं ठरवतो. ‘दखलपात्र’ गुन्ह्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात. त्याची नोंद म्हणजे एफआयआर. ‘अदखलपात्र’ प्रकारात फक्त नोंद होते, ती एनसी. एनसीवर कोर्टाच्या हुकुमाशिवाय तपास होत नाही. साधी दुखापत, शिवीगाळ आणि साधी धमकी, म्हणजे भारतीय न्याय संहितेची कलमं ११५(२), ३५२ आणि ३५१(२), अदखलपात्र आहेत.

बाई ठाण्यात जाऊन म्हणते, ‘काल रात्री पिऊन आला आणि मारलं.’ ठाणे अंमलदारानं ऐकलेल्या तेवढ्या वाक्यातून एनसीच बनते, कारण त्यात एका रात्रीची मारहाण आहे. हाच प्रकार चार वर्षं चालू असेल, दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं असेल, बोअर घ्यायला माहेरून पैसे आण म्हणून उपाशी ठेवलं असेल, तर तो कलम ८५ खालचा छळ आहे आणि तो दखलपात्र आहे. फरक तुम्ही काय सांगता यात आहे. म्हणून जाण्यापूर्वी एका कागदावर घटना तारीखवार लिहून न्या. तारीख आठवत नसेल तर पोळ्याच्या आदल्या दिवशी, थोरल्याच्या बारशानंतर, कापूस वेचणी चालू असताना, असं लिहा. प्रत्येक घटनेला पाच गोष्टी: कधी, कुठे, कोणी, काय केलं किंवा काय शब्द वापरले, कोणी पाहिलं.

जखम असेल तर पोलिसांकडून दवाखान्यासाठी ‘यादी’ मागा, म्हणजे तपासणीचं पत्र. सरकारी दवाखान्यात डॉक्टरला जखम कशी झाली ते खरं सांगा. लाजेनं ‘पाय घसरला’ म्हटलं की केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि उलटतपासात तोच कागद समोर येतो.

एफआयआर लिहून झाल्यावर वाचून किंवा वाचून घेऊन मगच सही-अंगठा द्या. प्रत मोफत मिळते, तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस आणि कोर्टाच्या कामकाजाच्या कायद्याच्या) कलम १७३(२) खालचा हक्क आहे. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. दुसऱ्या हद्दीतला गुन्हाही नोंदवून पुढे पाठवायचा असतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. शिवाय सासर सोडून माहेरी आलेली बाई माहेरच्या ठाण्यातही छळाचा गुन्हा नोंदवू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ठरवून दिलं आहे. पुण्याच्या सासरचा छळ परभणीच्या माहेरी नोंदवता येतो.

नोंद घेतच नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. त्यानंतरही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३) चा अर्ज शपथपत्रासह देता येतो. अधीक्षकांची पायरी वगळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच अडतो.

‘चारशे अठ्ठ्याण्णव’ आता पंच्याऐंशी

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. १९८३ मध्ये आलेलं ४९८-अ आता कलम ८५ आहे आणि ‘क्रूरता’ म्हणजे काय ते कलम ८६ मध्ये आहे. त्या तारखेआधीच्या घटनांना जुनीच कलमं लागतात, म्हणून एखाद्या कागदावर ४९८-अ दिसलं तर ती चूक समजू नका. हुंडाबळीचं ३०४-ब आता ८०, स्त्रीधन हडपण्यासाठी लागणारं विश्वासघाताचं ४०६ आता ३१६, आत्महत्येस प्रवृत्त करण्याचं ३०६ आता १०८.

कलम ८६ ला दोन फांद्या आहेत. पहिली: बाईला आत्महत्येकडे ढकलेल किंवा तिच्या शरीराला, जिवाला, मनाच्या आरोग्याला गंभीर इजा पोहोचवेल असं जाणूनबुजून वागणं. दुसरी: पैसा किंवा मालमत्तेची बेकायदा मागणी पुरी करून घेण्यासाठी त्रास देणं. पहिल्या फांदीला पैशाच्या मागणीची गरजच नाही. तरीही अनेक फिर्यादींत ‘माहेरून दोन लाख आण’ हे ठरावीक वाक्य घातलं जातं, कारण त्याशिवाय गुन्हा होत नाही असा समज आहे. मागणी झाली नसेल तर लिहू नका. उलटतपासात ते एक खोटं वाक्य पडलं की खऱ्या माराचीही किंमत कमी होते.

तसंच नावांचं. नवरा, सासू, सासरा, दोन नणंदा, त्यांचे नवरे आणि चुलत दीर अशी नऊ-दहा नावं एका ओळीत ‘सर्वांनी संगनमताने’ म्हणून घातली की उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज जातो आणि लांबच्या नातलगांची नावं बहुधा वगळली जातात. सर्वोच्च न्यायालयानं मोघम, सरसकट आरोपांवर खटला चालवू नये असं २०२२ मध्येही सांगितलं आहे. ज्यानं केलं त्याचंच नाव, आणि नावापुढे त्यानं काय केलं ते.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. तक्रार शेवटच्या छळापासून तीन वर्षांच्या आत व्हावी. ती बाईनं स्वतः किंवा रक्ताच्या, लग्नाच्या, दत्तकाच्या नात्यातल्या माणसानं द्यायची असते. शेजाऱ्याच्या तक्रारीवर ८५ लागत नाही. शेजारी, आशाताई, अंगणवाडी सेविका मात्र २००५ च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतात. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही.

‘अजामीनपात्र’ म्हणजे जामीन मिळत नाही असा अर्थ नाही; तो हक्कानं ठाण्यातच मिळत नाही, कोर्टाच्या विवेकावर मिळतो एवढाच अर्थ. ‘गुन्हा अजामीनपात्र आहे तरी नवरा गावात मोकळा फिरतोय’ ही तक्रार सतत ऐकू येते. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलं. अशा गुन्ह्यात पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देतात आणि अटक करायची तर कारणं लिहावी लागतात. अटक झाली नाही म्हणजे गुन्हा दाबला असं नव्हे. ज्याला नोटीस आली त्यानं मात्र ठरल्या दिवशी जायलाच हवं; न जाणं हे अटकेचं कारण ठरतं.

तपासाअंती दोषारोपपत्राऐवजी ‘समरी’ अहवालही जाऊ शकतो. ‘अ’ समरी: गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. ‘ब’ समरी: तक्रार जाणूनबुजून खोटी. ‘क’ समरी: ना खरी ना खोटी, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. ‘ब’ किंवा ‘क’ समरी आली तर फिर्यादीला कोर्टाकडून नोटीस मिळाली पाहिजे आणि तिला हरकत घेता येते. ही नोटीस जुन्या पत्त्यावर, म्हणजे सासरी जाते आणि हरकतीची संधी निघून जाते. पत्ता बदलला की ठाण्यात लेखी कळवा.

संरक्षणाचा अर्ज: पायरी पायरीनं

आधी संरक्षण अधिकारी गाठा. हे पद महिला व बाल विकास विभागाचं आहे. तालुक्यात सापडले नाहीत तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात विचारा. ते ‘घरगुती घटना अहवाल’ भरतात, बोलण्यात ‘डीआयआर’. हा एफआयआर नव्हे, त्यानं गुन्हा नोंदत नाही. तो मॅजिस्ट्रेटला आणि ठाण्याला जातो. संरक्षण अधिकारी भेटलेच नाहीत म्हणून थांबायची गरज नाही. वकिलामार्फत किंवा स्वतः थेट २००५ च्या कायद्याच्या कलम १२ खाली अर्ज देता येतो आणि अहवाल नसला तरी मॅजिस्ट्रेट आदेश देऊ शकतात, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. महाराष्ट्रात स्त्रियांना अशा प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे.

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढे जातो. बाई आज जिथे राहते तिथे, तात्पुरती राहत असली तरी. गैरअर्जदार राहतो तिथे. किंवा घटना घडली तिथे. यातलं सोयीचं ठिकाण निवडण्याचा हक्क तिचा आहे.

अर्जात काय मागायचं ते नाव घेऊन मागा, कारण न मागितलेलं बहुधा मिळत नाही. कलम १८ संरक्षण आदेश: मारहाण, फोन, कामाच्या जागी येणं, स्त्रीधन विकणं यांना मनाई. कलम १९ निवास आदेश: घरातून काढू नये, घर विकू नये, वेगळी खोली द्यावी किंवा दुसरीकडचं भाडं द्यावं. नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगता येतं, पण घरातल्या कोणत्याही बाईला या कलमाखाली घराबाहेर काढता येत नाही. कलम २० आर्थिक सवलत: तिची आणि लेकरांची खावटी, दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी. कलम २१ मुलांचा तात्पुरता ताबा. कलम २२ नुकसानभरपाई, म्हणजे मनाच्या यातनेसह झालेल्या त्रासाबद्दलची रक्कम. ती खावटीपेक्षा वेगळी मागायची.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकालाचा प्रयत्न पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत. प्रत्यक्षात महिने जातात, आणि त्याचं पहिलं कारण नोटीस न बजावली जाणं. म्हणून मूळ अर्जासोबतच कलम २३ चा अंतरिम अर्ज द्या. शपथपत्र नमुना ३ मध्ये असतं; प्रकरण तातडीचं असेल तर समोरच्याला न ऐकता एकतर्फी अंतरिम आदेश होऊ शकतो.

‘माझं उत्पन्नच नाही’

खावटीचा सगळा वाद या एका वाक्यावर येतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. पगारदाराची स्लिप मिळते. शेतकऱ्याची मिळत नाही, म्हणून हे कागद गोळा करा: सातबारा आणि आठ-अ उतारा, त्यावरची पीकपाहणी, आडतीवर सोयाबीन-कापूस घातल्याच्या पट्ट्या, कारखान्याचं ऊस बिल, पीक विमा जमा झाल्याची बँक नोंद, ट्रॅक्टर किंवा पिकअपची आरसी. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर ती वडिलोपार्जित असल्याचे जुने फेरफार काढा, म्हणजे नवऱ्याचा हिस्सा दाखवता येतो. आपलं उत्पन्नही लपवू नका. शिलाईचे किंवा रोजंदारीचे चार पैसे मिळतात म्हणून खावटी बंद होत नाही, पण लपवलेलं उघड झालं तर विश्वास जातो.

खावटीला दुसरी वाट आहे: नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे जुनं १२५. दोन्हीकडे मागता येते. एकीकडची रक्कम दुसरीकडे सांगावी लागते आणि वजा धरली जाते. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही १२५ ची वाट खुली आहे, हे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं.

उसाच्या हंगामातली केस

दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. या काळात नोटीस गावच्या पत्त्यावर ‘इसम मिळून आला नाही’ म्हणून परत येते. अर्जात गैरअर्जदाराचे दोन पत्ते द्या: गावचा, आणि कारखान्याचं नाव, गट, मुकादमाचं नाव, कोप्या (टोळीच्या झोपड्या) जिथे पडतात ते गाव. व्हॉट्सअॅप नंबरही लिहा.

बाई स्वतः टोळीवर असताना मार खात असेल तर तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, पण प्रकरण हंगामापेक्षा जास्त चालतं. ११२ आणि एफआयआर तिथेच करा, संरक्षणाचा अर्ज शक्यतो माहेरच्या तालुक्यात द्या. तारखेला येणं जमणार नसेल तर वकिलाकडून हजेरी माफीचा अर्ज आधी द्या. दोन-तीन तारखा कोणीच उभं राहिलं नाही की अर्ज गैरहजेरीत काढून टाकला जातो.

आदेश मिळाला, पाळला जात नाही

इथे दोन रस्ते आहेत आणि ते मिसळू नका. संरक्षण आदेश मोडला, म्हणजे मनाई असताना येऊन मारलं किंवा धमकावलं, तर २००५ च्याच कायद्याच्या कलम ३१ खाली तो स्वतंत्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असून एकट्या पीडितेच्या साक्षीवरही शाबीत होऊ शकतो. आदेशाची नक्कल कोर्टाकडून मोफत मिळते, ठाण्यालाही जाते. तरी एक प्रत स्वतः बीट अंमलदाराला देऊन पोच घ्या.

पैसे थकले तर वसुली अर्ज. थकबाकी देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज दिला पाहिजे. चौदा महिने वाट बघून अर्ज केला तर जुने दोन महिने हातचे जाण्याचा धोका. कोर्ट वसुली वॉरंट काढतं, तरीही भरले नाहीत तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. नवरा नोकरीत असेल तर कलम २०(६) खाली थेट त्याच्या मालकाला पगारातून रक्कम कापून द्यायला सांगता येतं. हा उपाय फार कमी लोक मागतात, आणि सगळ्यात कमी त्रासाचा तोच आहे.

आदेश मान्य नसेल तर दोन्ही बाजूंना सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील आहे. अपील केलं म्हणून खावटी आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मिळवावी लागते.

नांदायला येण्याची नोटीस, बाँडवरची फारकत आणि तडजोड

अर्ज दाखल झाला की बहुतेकदा समोरून वकिलाची नोटीस येते: ‘नांदायला या.’ हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ च्या दाव्याची ती तयारी असते. गप्प बसू नका. का जाता येत नाही ते तारखांसह लिहून उत्तर पाठवा. असा हुकूमनामा झाला आणि बाई गेली नाही, तरी तेवढ्या कारणानं खावटी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलं आहे.

बाँडवर लिहिलेली फारकत नोटरीच्या शिक्क्यानं कायदेशीर होत नाही. जातीची जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तरच तिला अर्थ असतो, आणि ते सिद्ध करणं अवघड. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलेल्यांवर द्विभार्येचा गुन्हा येऊ शकतो. मुस्लिम नवऱ्यानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्यानं रद्दबातल आहे आणि गुन्हाही आहे.

पोलिसांच्या भरोसा सेलमधला समुपदेशक किंवा गावातली बैठक तडजोड सुचवू शकते, पण तिथे सही करायलाच हवी असं बंधन कोणावर नाही, आणि तडजोड फिसकटली म्हणून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही. कलम ८५ तडजोडपात्र नाही. ‘केस मागे घेतली’ असं ठाण्यात लिहून दिल्यानं ती संपत नाही. दोघांच्या संमतीनं खंडपीठात जाऊन रद्द करून घ्यावी लागते. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसतं, म्हणून तिथली रक्कम विचार करूनच मान्य करावी.

तडजोडीचा कागद म्हणजे ‘पुरसीस’. सहीपूर्वी त्यात बघायचं ते असं. प्रत्येक प्रकरणाचं काय होणार ते नंबरासह वेगळं लिहिलंय का: आर.सी.सी., पीडब्ल्यूडीव्हीए, खावटी, घटस्फोट. एकरकमी रक्कम किती, कोणत्या तारखेला, डीडीचा नंबर कोणता. स्त्रीधनाची यादी जोडलीय का आणि परत मिळाल्याची नोंद आहे का. लेकरांचा ताबा आणि भेट ठरलीय का. ‘मुलांचा खर्च यापुढे कधीही मागणार नाही’ असं वाक्य असेल तर ते खोडायला लावा, कारण तो हक्क लेकरांचा आहे, आईला तो सोडता येत नाही. आणि पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय अर्ज काढून घेण्याच्या पुरसीसवर सही करू नका. कोरा कागद कोणी पुढे केला तर तो परत द्या.